पाणी निवळेपर्यंत

९ जानेवारी, गुरुवार

आले एकदाचे. काचेची टाकी, फिल्टर, दिवा, उन्हाला बसायचा दगड, आणि प्लास्टिकच्या टोपात खुद्द संपादक.

कासवाला हे नाव माझ्या सदराच्या चित्रकारानं ठेवलं, एकोणीस वर्षांपूर्वी, ते बिस्किटाएवढं होतं तेव्हा. संकट दिसलं की मान आत, टळलं की बाहेर, आणि खाण्याची वेळ मात्र कधी चुकत नाही — दुसरं कुठलं नाव शोभणार? आमच्या पेपरच्या खऱ्या संपादकांना हे अजून कुणी सांगितलेलं नाही. सांगितलं तर तेही मान आत घेतील.

टाकी जेवणाच्या टेबलाशेजारी ठेवली. तासभर खपून त्यानं सगळं जोडलं. म्हणाला, सगळं घासूनपुसून आणलंय, स्पंजसुद्धा जुना टाकून नवा कोरा घातलाय. मग हात पुसत नेहमीच्या खुर्चीत बसला. घड्याळात चार. गुरुवार. सवयीनं मी चष्मा लावला, त्यानं खिशातून पेन्सिल काढली. आणि मग दोघांनाही आठवलं, की वाचायला काही नाही आणि काढायलाही.

सतरा वर्षं हे चाललं. दर गुरुवारी चारला तो यायचा, मी सदर मोठ्यानं वाचायचे, तो ऐकत ऐकत काढायचा. कागद कधी हातात घेतला नाही — डोळ्यांनी वाचलं तर शब्द दिसतात, माणसं दिसत नाहीत, म्हणे. आणि चित्र मला कधी आधी दाखवलं नाही. रविवारी सगळ्या गावाबरोबर मीही पेपर उघडून बघायचं! नव्या वर्षापासून पेपरनं चित्रं बंद केली. जागा वाचते.

उद्या सकाळच्या बसनं तो अक्काकडे चाललाय, सहा तासांवर. अक्का त्याची थोरली बहीण. मेहुणे गेल्यापासून एकटी. मार्चअखेर इथलं घरही सोडणार. किल्ली तोवर माझ्याकडे.

जाताना म्हणाला, "लागोपाठ दोनदा हलवलं तर त्याला सोसायचं नाही, बाई. इथलं पाणी निवळू दे, मग येऊन घेऊन जातो. दर गुरुवारी पाण्याचं विचारीन."

"विचारा," मी म्हटलं.

आठवड्याला एक याप्रमाणे सतरा वर्षं भल्याभल्यांची साल काढली. ऐन वेळी जिभेवर काय आलं तर — विचारा!

११ जानेवारी, शनिवार

टाकीत पाणी आहे, पाण्यात संपादक आहेत, संपादकांना मी दिसते. तिघंही एकमेकांना अनोळखी.

१६ जानेवारी, गुरुवार

चार वाजून दोन मिनिटांनी फोन. पहिली घंटा पूर्ण वाजू दिली. वय झालं तरी थोडी अक्कल शिल्लक आहे.

"पाणी कसं आहे?"

तांदूळ धुतल्यासारखं, मी म्हटलं. तो म्हणाला, सुरुवातीला होतं. मग तीन कामं सांगितली, मी ती फ्रिजच्या दारावर लिहून लावली. एक — रोज एक बादली पाणी काढायचं, एक घालायचं, चुकवायचं नाही. दोन — घालायचं पाणी आदल्या दिवशी भरून उघडं ठेवायचं. तीन — फिल्टरचा स्पंज एक दिवसाआड नळाखाली खळखळून धुवायचा. "अगदी पांढरा होईस्तोवर."

नऊ मिनिटं बोललो. आठ मिनिटं पाणी. उरलेल्या एका मिनिटात कळलं, की अक्काकडे संध्याकाळी साडेसातलाच जेवतात आणि त्याला अजून जमत नाहीये. मी म्हटलं, दवाखान्यातही तसंच असतं. फोनवर त्याचे खांदे दिसत नाहीत, त्यामुळे हसला की नाही, कोण सांगणार?

खांद्यांचं इथे लिहूनच ठेवते. तो आवाज करून हसत नाही, त्याचे नुसते खांदे हलतात. वाचताना मी चष्म्यावरून बघायचे. ज्या वाक्याला खांदे हलले ते राहायचं, बाकीच्यांवर काट. लोक म्हणतात, बाईंची लेखणी धारदार. कसली लेखणी! दोन खांदे होते.

१९ जानेवारी, रविवार

सदर छापून आलं. चित्राच्या जागी माझा फोटो, नऊ वर्षांपूर्वीचा. पुरवणी बघणाऱ्या मुलानं समजूत घातली होती, "ताई, हल्ली चित्रं कुणी बघत नाही, चेहरा लागतो." चेहरा लागतो तर ताजा तरी लावायचा. या फोटोतली बाई माझी धाकटी बहीण शोभेल, आणि तिला विनोद कळत नसावा असं वाटतं.

दुसरा परिच्छेद मिळमिळीत. चौथा ठेवायला नको होता. सांगणार कोण? संपादकांना वाचून दाखवलं, त्यांनी मान आत घेतली.

२२ जानेवारी, बुधवार

स्पंज पांढरा शुभ्र. पाणी तसंच.

२३ जानेवारी, गुरुवार

बारा मिनिटं. पाणी सहा, अक्का तीन, आणि तीन मिनिटं तो खिडकीतून काय दिसतं ते सांगत होता. समोर एक शिंपी बसतो. गिऱ्हाईक गेलं की मशीनवर डोकं ठेवून झोपतो, आणि पावलं वाजली की झोपेतच पाय चालवायला लागतो. मी म्हटलं, काढलंत का त्याला? म्हणाला, "कशाला? वाचणारं कुणी नाही समोर."

फोन ठेवल्यावर बराच वेळ टेबल पुसत बसले. पुसण्यासारखं काही नव्हतं. त्याच्या खुर्चीच्या फटीत पेन्सिलीचं एक साल सापडलं, ब्लेडनं काढलेलं, गोल, अखंड. फेकणार होते. या वहीत ठेवलंय. बावन्न वर्षांची बाई वहीत साल ठेवते. हे दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी त्यावर हजार शब्द लिहिले असते.

समोर सतरा वर्षं अहो-जाहो. वहीत तेवढा तो 'तो' आहे.

२८ जानेवारी, मंगळवार

पाण्याला आता वास यायला लागला. शेवटी बाजारामागच्या मासेवालीकडे गेले. हिच्याकडचे मासे खायचे नाहीत, बघायचे. छोटं दुकान, भिंतभर टाक्या, सगळ्यांतलं पाणी असं की आत पाणी आहे हे माशांकडे बघून कळावं. बाई माझ्याच वयाची, हात कोपरापर्यंत ओले, तोंड माझ्याहून तिखट.

सगळं विचारून घेतलं. किती मोठी टाकी, किती खातं, पाणी किती बदलता. मग विचारलं, स्पंज कशात धुता? मी अभिमानानं सांगितलं — नळाखाली, खळखळून, अगदी पांढरा होईस्तोवर.

तिनं हातातली जाळी खाली ठेवली. म्हणाली, "म्हणजे दर दोन दिवसांनी सगळ्यांना मारून टाकता."

तिनं समजावलं ते असं. कासवाच्या घाणीचं जे विष होतं ते खाणारे बारीक जीव स्पंजातच वस्तीला असतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण पाणी निवळतं ते त्यांच्यामुळे. त्यांना जमायला महिना-सव्वा महिना लागतो. नळाच्या पाण्यात औषध असतं, त्यानं ते मरतात. स्पंज टाकीतून काढलेल्याच पाण्यात नुसता पिळायचा, मळका दिसला तर दिसू द्यायचा. आणि जुना स्पंज टाकून का दिलात? तो असता तर आठ दिवसांत पाणी निवळलं असतं.

मी म्हटलं, ज्याचं कासव आहे त्यानंच हे सांगितलं.

"पाणी शिळं करून घाला असंही त्यांनीच सांगितलं?"

हो म्हटलं.

"पाणी शिळं करायचं ते औषध उडून जावं म्हणूनच की. हे कळतं आणि ते कळत नाही? किती वर्षं पाळतायत?"

एकोणीस, मी म्हटलं. आणि वर, चित्रकार आहेत हो, असंही. ती म्हणाली, अस्सं. जगात चित्रकारांना पुष्कळ काही माफ असतं.

घरी येताना चालच बदलली माझी. सतरा वर्षांत पहिल्यांदा तो चुकलेला सापडला! गुरुवारी काय काय बोलायचं, वाक्यं जुळवत आले. तीन तरी अशी आहेत की खांदे हललेच पाहिजेत.

३० जानेवारी, गुरुवार

नाही बोलले.

"पाणी कसं आहे?" त्यानं विचारलं, आणि त्या क्षणी लख्ख कळलं, की हे पाणी निवळलं तर पुढच्या गुरुवारी विचारायला काही उरत नाही. तो एक दिवस येईल, टोप उचलेल, आभार मानेल. नीटनेटका माणूस आहे, आभार छान मानतो.

"गढूळच," मी म्हटलं.

"असं का," तो म्हणाला. मग वीस मिनिटं बोलला.

१ फेब्रुवारी, शनिवार

स्पंज नळाखाली धुतला. खळखळून.

माहीत नव्हतं तोवर चूक होती. आता तिला काय म्हणायचं ते मी दुसऱ्यांच्या बाबतीत फार चटकन सांगते.

६ फेब्रुवारी, गुरुवार

छत्तीस मिनिटं! अक्काला ऐकायला कमी येतं, आणि ती कबूल करत नाही. परवा टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईलाच म्हणाली, जरा तोंड उघडून बोल. शिंप्यानं याला शर्ट शिवून दिला, एक बाही लांब. म्हणाला, चित्रकाराचा हात मोठाच पाहिजे. मी सदर वाचून दाखवू का विचारलं. म्हणाला, "थांबा, पेन्सिल घेतो."

वाचलं. पलीकडून कागदावर पेन्सिल घासल्याचा आवाज येत होता. फोनवरसुद्धा येतो तो. तिसऱ्या परिच्छेदाला आवाज थांबला — म्हणजे हसत होता. तो परिच्छेद ठेवला.

चित्र छापून यायचं नाही. मी ते कधी बघणार नाही. तरी आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार

गडबड झाली. इतकं करूनही पाणी जरासं निवळल्यासारखं दिसतंय, दगडाच्या कडा दिसायला लागल्या. रोजची बादली पाणी बदलते त्याचा परिणाम असावा.

मग बादली थांबवली. आणि संपादकांना चार दाणे जास्त. खुशीत होते.

११ फेब्रुवारी, मंगळवार

दगड दिसेनासा झाला. मी घरात गुणगुणत होते. कुठलं गाणं, ते लिहायची लाज वाटते.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

एक्केचाळीस मिनिटं. त्यात पाणी जेमतेम अर्धं मिनिट. मध्येच विचारलं, "बादली रोज बदलताय ना?"

बदलतेय, म्हटलं.

"ती चुकवू नका, बाई. बाकी काही चुकलं तर चुकू दे."

१५ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी संपादक दगडावर होते. दाणे टाकले, हलले नाहीत. वाकून बघितलं. दोन्ही डोळे सुजून मिटलेले, पापण्या फुगीर, पांढरट. बोट लावलं तर मान आत घ्यायलाही उशीर झाला. नाव सार्थ करायचंही त्राण नव्हतं त्यांच्यात.

टोपात घालून मासेवालीकडे नेलं. रिक्षात टोप मांडीवर, वर माझा पदर.

तिनं बघितलं, टाकीचं थोडं पाणी मी बाटलीत नेलं होतं त्यात तपासणीचे थेंब टाकले. पाणी गडद हिरवं झालं. बाटली माझ्यापुढे धरून म्हणाली, हे त्याच्या डोळ्यांत जातंय. आठ दिवसांत बदललेलं नाही हे पाणी. मी सांगून पाठवलं होतं ना तुम्हाला?

खोटं बोलायला तोंड उघडलं, आणि काय झालं कोण जाणे, खरंच बाहेर पडलं. सगळं नाही. एवढंच — पाणी निवळलं की कासव घेऊन जाणार आहेत.

ती हात पुसत राहिली. मला वाटलं, आता चांगली झाडणार. "कासव घेऊन जाणार याचं एवढं वाटतंय," ती म्हणाली, "की जो घेऊन जाणार त्याचं?"

मी टोपावरचा पदर सारखा केला. तिनंही दुसऱ्यांदा विचारलं नाही. मागच्या टाकीतून एक जुना, मळका, बुळबुळीत स्पंज कापून अर्धा दिला. विरजण समजा, म्हणाली, तुमच्या स्पंजाला खेटून ठेवा. रोज दोन बादल्या. गुरांच्या डॉक्टरांकडून डोळ्यांत घालायचं औषध आणा. आणि दाणे कमी.

घरी येऊन पहिली बादली काढताना रडले. बादलीत नाही, पाणी परत मोजावं लागलं असतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

डोळ्यांत थेंब. दोन बादल्या. सदरात मी या आठवड्यात खोटारड्या माणसांची उडवली आहे. छान जमलंय म्हणून दोघांचे फोन आले.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

थेंब. दोन बादल्या. कंबर गेली. खात नाहीत अजून.

गढूळ काचेतून बघत बसले होते. एकोणीस वर्षं त्याच्या टेबलावर राहिलेला जीव. त्याचं हसणं माझ्याहून जास्त यानं पाहिलंय. आणि मी याला काय दिलं, तर दर आठवड्याला माझ्या फोनची मिनिटं वाढावीत म्हणून डोळ्यांत विष.

२० फेब्रुवारी, गुरुवार

फोन. डोळ्यांचं सांगितलं. बादली चुकली हेही सांगितलं. का चुकली ते नाही.

तो रागावेल म्हणून तयार होते. रागावला असता तर बरं झालं असतं. एकदम हलक्या आवाजात म्हणाला, "तुमची चूक नाही, बाई. मी तिथे असायला हवं होतं." आणि लगेच फोन ठेवला. सहा मिनिटं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

डावा डोळा उघडला! माझ्याकडे बघितलं, आणि मान आत. इतका आनंद मला कुठल्याच संपादकाच्या मान आत घेण्यानं झाला नव्हता.

२४ फेब्रुवारी, सोमवार

दोन्ही डोळे. चार दाणे खाल्ले. दगडाच्या कडा दिसतात.

स्पंज टाकीच्याच पाण्यात पिळला, मळका होता तसाच परत ठेवला. मळकं ते मळकं राहू द्यायला किती जड जातं! जन्मभर खळखळून धुवायचीच सवय. घरातलं, लोकांचं, सगळं. ज्यानं कुणी जवळ काही मऊ साठवलं, त्याच्यावर मी नळ सोडला. नवराही होता एकदा, दोन वर्षं. त्याला वीस वर्षं झाली.

२६ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी जेवणाच्या खोलीत आले आणि क्षणभर वाटलं टाकी रिकामी आहे. संपादक हवेत तरंगत होते. मागच्या भिंतीवरची खिळ्याची खूण पाण्यातून दिसत होती.

निवळलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

पहिल्याच घंटेला फोन उचलला. आता कशाची अक्कल!

"पाणी कसं आहे?"

समोर टाकी. 'गढूळच' एवढा एक शब्द बोलायचा होता फक्त, आणि तो मला चांगला येतो. आणखी आठ दिवस मिळाले असते. संपादक माझ्याकडे बघत होते, दोन्ही डोळ्यांनी.

"निवळलं," मी म्हटलं. "आरपार दिसतं."

पलीकडे शिंप्याचं मशीन चालू होतं, ते ऐकू आलं. मग म्हणाला, अस्सं. छान झालं. आणि पुन्हा, छान झालं. रविवारी पहाटेच्या बसनं येतो, साडेदहापर्यंत पोचेन, संध्याकाळच्या गाडीनं घेऊन जातो.

न्यायचं कशात, मी विचारलं. टोप लहान पडेल.

"माझ्या घरी माळ्यावर निळा डबा आहे. तेवढा काढून आणाल? दुसऱ्या कुणाला पाठवू नका, तुम्हीच जा." मग थोडं थांबून, "झाकण जपून उघडा, बाई."

पाच मिनिटं. झाकणाची चिंता आहे माणसाला!

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

सदर लिहिलं नाही. तब्येत बरी नाही म्हणून कळवलं. पुरवणीवाला मुलगा म्हणाला, काही हरकत नाही ताई, जाहिरात आहे तेवढ्याच मापाची.

१ मार्च, शनिवार

त्याच्या घरी जाऊन आले. खोल्या रिकाम्या, भिंतीवर टाकीच्या मापाचा स्वच्छ चौकोन. स्टुलावर चढून निळा डबा काढला. झाकण जपून उघडलं.

झाकणाला आतून एक कागद चिकटवलेला. त्याचं चित्र. त्याच्याकडे कामाला यायच्या त्या मावशींसाठी काढलेलं. त्यांना अक्षरओळख नव्हती, तो गावाला जायचा तेव्हा कासव त्याच बघायच्या. वरच्या चौकोनात नळ, नळाखाली स्पंज, त्यावर लाल पेन्सिलीची भलीमोठी फुली, आणि बाजूला संपादक रडतायत. खालच्या चौकोनात बादली, बादलीत मळका स्पंज, आणि संपादक खूश. कोपऱ्यात सही, तारीख. अकरा वर्षांपूर्वीची.

अकरा वर्षं! म्हणजे मला नळाखाली धुवायला सांगताना त्याला सगळं माहीत होतं.

आजवर छापून येण्याआधी एक चित्र दाखवलं नव्हतं त्यानं मला.

डबा परत माळ्यावर टाकला. झाकण तेवढं घेऊन आले.